प्रमाणपत्राला मुदत आहे, पण प्रकृती बदलली आहे

रावेर तालुक्यातील एका वाचकाने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून खाली देत आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

‘सप्रेम नमस्कार. माझे वय ३६ असून मी अकरा वर्षांपासून मालवाहू जहाजांवर मोटरमन म्हणून, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी म्हणून, काम करतो. मागच्या महिन्यात सुट्टीवर घरी असताना वजन उतरू लागले आणि रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावे लागू लागले, म्हणून रक्त तपासले. उपाशीपोटी साखर १९६ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ९.१ निघाली. आमच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सुरू केली असून आता पुष्कळ बरे वाटते. (केळीच्या बागेत एकदा जेवण लांबले तेव्हा हातपाय थरथरले आणि घाम सुटला, पण गूळ खाल्ल्यावर लगेच बरे वाटले.) माझ्या मेडिकल प्रमाणपत्राची मुदत अजून चौदा महिने आहे. खलाशांची भरती करणाऱ्या मॅनिंग एजंटचा फोन येऊन गेला, पाच आठवड्यांनी जॉइनिंग, म्हणजे जहाजावर रुजू होणे, आहे. माझे दादा म्हणतात, “कोनाले कयते? गोया पेटीत टाक अन् जाय.” पत्नी म्हणते, सांगितल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. घराचे कर्ज आहे. प्रमाणपत्र चालू असताना हे कळवणे बंधनकारक आहे का, आणि कळवले तर मला कायमचे घरी बसावे लागेल का?’

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात लिहिले आहे. त्या वाक्याकडे मी पुढे येतो. आधी तुमच्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे देतो. कळवणे आवश्यक आहे, आणि ते जहाजावर चढण्यापूर्वी कळवणे आवश्यक आहे. कळवल्यामुळे तुम्हाला कायमचे घरी बसावे लागेल असे मला मुळीच वाटत नाही. हा जॉइनिंगचा दिवस मात्र बहुधा हुकेल, आणि त्याची तयारी तुम्ही आजपासून ठेवावी.

मुदतीचा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मंजुरी दिलेल्या सागरी कामगार करारानुसार, म्हणजे जहाजावरची मंडळी ज्याला एमएलसी म्हणतात त्यानुसार, मेडिकल प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी देता येते. अठरा वर्षांखालील मुलांना ते एकच वर्षाचे मिळते, आणि रंगदृष्टीचे प्रमाणपत्र सहा वर्षांपर्यंत चालते. ही सारी कमाल मर्यादा आहे, त्या काळात तुम्ही निरोगीच राहाल अशी हमी तिच्यात नाही. समुद्रावरच्या नोकरीने बळावेल, माणसाला त्या नोकरीस अपात्र करील किंवा जहाजावरच्या इतरांच्या आरोग्याला धोका पोहोचवील असा कोणताही विकार या व्यक्तीला नाही, असे डॉक्टर त्या कागदावर लिहून देतात. तुमच्या बाबतीत ते विधान तपासणीच्या दिवशी खरे होते. आज ते खरे आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तुमच्या दादांना नाही आणि मलाही नाही. तो मान्यताप्राप्त तपासणी-डॉक्टरांचा आहे, आणि त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवणारा माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही.

आपल्याकडे भुसावळ जंक्शन असल्यामुळे ही गोष्ट कोणाला फार समजावून सांगावी लागत नाही. लोको पायलटची तपासणी ए-वन या सर्वांत कडक वर्गाने होते, आणि त्याला चष्मा लागला किंवा साखर निघाली तर तो रेल्वेच्या दवाखान्यात जातो, हे भुसावळच्या घराघरांत ठाऊक आहे. मागच्या तपासणीचा कागद अजून चालू आहे म्हणून त्याने गप्प बसावे, असे त्याच्या घरचे म्हणणार नाहीत, कारण त्याच्या मागे किती डबे आहेत हे त्यांना दिसते. जहाजावर मागचे डबे दिसत नाहीत, म्हणून समुद्रापासून चारशे किलोमीटरवर बसलेल्या आपल्या घरांत हा विचार सहज सुटून जातो. दादांना दोष देऊ नका. त्यांच्या डोळ्यांपुढे तुमचे कर्ज आहे आणि इंजिन रूम त्यांनी कधी पाहिलेली नाही.

आता त्या कंसातल्या वाक्याकडे येतो. जेवण लांबल्यावर थरथर, घाम आणि गूळ खाताच आराम, ही रक्तातली साखर एकदम उतरल्याची लक्षणे आहेत. त्या वेळी यंत्राने मोजली असती तर ती बहुधा ७० च्या खाली मिळाली असती. एकट्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते. ग्लिमेपिराइड हे सल्फोनिलयुरिया गटातले औषध आहे. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेत राहते, आणि म्हणून जेवण चुकले, उलट्या झाल्या किंवा अंगमेहनत वाढली की साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. बागेत तुमच्या हाताशी गूळ होता, सावली होती आणि हाक ऐकणारे लोक होते. हेच इंजिन रूममध्ये, यंत्रांच्या आवाजात, चाळीस अंशांहून अधिक उष्णतेत झाले तर काय होते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे आणि ते तुम्हाला सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

तेव्हा मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर होतो आणि जहाजाची औषधपेटी माझ्या ताब्यात होती. दक्षिण आफ्रिकेतील रिचर्ड्स बे येथे कोळसा भरून आम्ही पूर्वेकडे निघालो होतो आणि बंदर सुटून चौथा दिवस होता. दुपारी इंजिन रूममधून फोन आला की फिटर भिंतीला टेकून बसला आहे आणि असंबद्ध बोलत आहे. खाली गेलो तेव्हा त्याचा बॉयलर सूट, म्हणजे अंगभर घालायचा कामाचा पोशाख, घामाने निथळत होता, पण त्या जागी प्रत्येकाचाच निथळत असतो, त्यामुळे अर्धा तास कोणाच्या लक्षातच काही आले नव्हते. सहकाऱ्यांनी उष्माघात समजून त्याच्या डोक्यावर थंड पाणी ओतले होते. मी बोट टोचून साखर पाहिली, तर यंत्रावर ३८ हा आकडा आला. त्याला गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी थोडे थोडे पाजले, आणि पंधरा-वीस मिनिटांत तो आमची नावे बरोबर सांगू लागला. आम्हाला वाटले, संकट टळले. तीन तासांनी तो पुन्हा तसाच झाला.

समुद्रातील जहाजांना रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत डॉक्टरांचा सल्ला चोवीस तास मोफत मिळतो. तो आम्ही घेतला. पलीकडच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हा कोणती गोळी घेतो, किती मिलिग्रॅमची आणि शेवटची कधी घेतली? फिटरने भरतीच्या वेळी मधुमेह लपवला होता, त्यामुळे आमच्याकडच्या कागदांत उत्तर नव्हते, आणि तो स्वतः सांगण्याच्या स्थितीत नव्हता. कॅप्टनच्या परवानगीने आम्ही त्याच्या केबिनचा खण उघडला. आत जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक बाटली होती आणि तिच्यात वेष्टनातून सोडवून भरलेल्या दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र पडलेल्या होत्या. कोणत्याही गोळीवर नाव नव्हते. बॅग तपासली तरी कोणाला कळू नये म्हणून त्याने घरीच एकेक पाकीट फोडले होते. त्याला जे लपवायचे होते ते त्याने इतके नीट लपवले होते की जीव वाचवण्यासाठी ते शोधणाऱ्यांनाही सापडले नाही.

ती रात्र मी त्याच्या बिछान्याशेजारी बसून काढली. दर तासाला बोट टोचायचे, साखर पाजायची, आकडा वहीत लिहायचा आणि डॉक्टरांना कळवायचा. या गटातल्या गोळ्यांचा परिणाम एक दिवस आणि कधी त्याहूनही अधिक टिकू शकतो, म्हणून साखर पुन्हा पुन्हा उतरत होती. दोन दिवसांनी मॉरिशसच्या पोर्ट लुईसपाशी बोट बोलावून त्याला किनाऱ्यावर उतरवले आणि तो वाचला. नंतर औषधोपचाराच्या खर्चावरून त्याचा आणि मालकांचा जो वाद झाला तो फार क्लेशदायक होता, आणि त्या वादात कायदा त्याच्या बाजूला नव्हता.

याचे कारण तुम्ही नीट वाचावे, कारण कळवण्याची कायदेशीर बाजू येथेच आहे. नोकरीच्या काळात आजारी पडलेल्या खलाशाचा औषधोपचार, राहणे-जेवणे आणि घरी परत पाठवणे हा खर्च एमएलसीप्रमाणे जहाजमालकाने करायचा असतो, आणि देशाच्या कायद्याने पगार व उपचारखर्चाच्या जबाबदारीला कालमर्यादा घातली तरी ती सोळा आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. हे मोठे संरक्षण आहे. त्याच कलमात अपवादही लिहिलेले आहेत, आणि त्यांपैकी एक असा की नोकरीचा करार करताना जाणूनबुजून लपवलेल्या आजारासाठी मालकाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे दादांचा सल्ला ऐकून तुम्ही गेलात आणि काही झाले, तर ज्या कर्जापायी गप्प बसलात त्याच्याच शेजारी परदेशी रुग्णालयाचे बिल येऊन उभे राहू शकते. शिवाय तपासणीच्या वेळी भरायच्या अर्जात मधुमेह आहे का, कोणती औषधे घेता, आजारामुळे कधी जहाजावरून उतरवले होते का, असे प्रश्न असतात आणि खाली सही तुमची असते. जॉइनिंगपूर्वी कंपनी स्वतःची तपासणी करवून घेते, तेव्हा हाच अर्ज पुन्हा तुमच्यासमोर येईल. लघवी आणि रक्ताच्या साध्या चाचणीत साखर दिसू शकते. ती दिसली आणि अर्जावर ‘नाही’ लिहिलेले असले, तर प्रश्न आजाराचा न राहता खोट्या सहीचा होतो. आजारावर उपाय आहेत, पण त्या सहीनंतर कंपनीचा विश्वास परत मिळवणे अवघड असते.

आता कायमचे घरी बसण्याच्या भीतीविषयी. वैद्यकीय तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. गोळ्यांवर असलेला मधुमेह म्हणजे नोकरी संपली, असे त्यांत म्हटलेले नाही. उपचार सुरू होऊन साखर स्थिर होईपर्यंत तात्पुरते अपात्र ठेवावे, आणि पुढे नियंत्रण, औषधांचे दुष्परिणाम आणि डोळे, मूत्रपिंड, हृदय यांची स्थिती पाहून निर्णय घ्यावा, अशी त्यांची दिशा आहे. तो निर्णय पूर्ण पात्रतेचा असू शकतो. मर्यादेसह पात्रतेचाही असू शकतो, आणि ती मर्यादा मुदतीची, कामाच्या प्रकाराची किंवा प्रवासाच्या क्षेत्राची असते. उदाहरणार्थ, दोन वर्षांऐवजी कमी मुदतीचे प्रमाणपत्र मिळेल, किंवा किनाऱ्यालगतच्या जहाजांपुरतेच मिळेल. निर्णय अन्यायाचा वाटला तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घेण्याची संधी एमएलसीने खलाशाला दिलेली आहे. हा हक्क फार थोड्यांना माहीत असतो. ‘अनफिट’ हा शब्द ऐकून पुष्कळ जण पहिल्याच दारातून परत फिरतात. तुम्ही तसे करू नका.

एवढी विचारपूस का, हेही समजून घ्या. शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असणे बंधनकारक आहे. तुमच्या जहाजावर वीस-बावीस माणसे असतात, म्हणजे तुमचा डॉक्टर हा औषधपेटीची किल्ली असलेला एखादा अधिकारी असतो. कोणता आजार त्याच्या हातात सोपवता येईल आणि कोणता येणार नाही, याचा विचार तपासणी-डॉक्टर तुमच्या वतीने करतात.

म्हणून प्रत्यक्षात काय करावे ते लिहितो. याच आठवड्यात आधी तुमच्या गावच्या डॉक्टरांकडे जा आणि तुमच्या कामाचे स्वरूप त्यांना मोकळेपणी सांगा. रावेरला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना, त्यांचा पेशंट वॉचच्या, म्हणजे कामाच्या पाळीच्या, वेळांप्रमाणे जेवतो-झोपतो, खराब हवामानात दोन-दोन दिवस त्याच्या पोटात अन्न ठरत नाही आणि तो गरम जागेत जड काम करतो, हे कसे कळणार? बागेतली थरथर त्यांना सांगितली आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. सांगितली नसेल तर आजच फोन करा. साखर एकदम न उतरवणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि गोळी बदलणे किंवा मात्रा कमी करणे शक्य असू शकते, परंतु तो निर्णय त्यांचाच असावा आणि तुम्ही स्वतः गोळी बंद करू नये. वजन उतरणे आणि वारंवार लघवी यांची कारणे पाहून तुम्हाला गोळ्या पुरतील की इन्सुलिन लागेल, याचा अंदाजही त्यांच्याकडूनच घ्या, कारण इन्सुलिन लागल्यास समुद्रावरचे निकष बरेच कडक होतात. जमल्यास जळगावला मधुमेहतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व ईसीजी यांच्या तपासण्या करून ठेवा. त्या पुढे मागितल्या जाण्याची शक्यता मोठी आहे.

त्यानंतर एजंटला फोन करा आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा, कारण फोनवर सांगितल्याचा पुरावा राहत नाही. त्यात अमुक तारखेला मधुमेहाचे निदान झाले, अमुक औषधे सुरू आहेत, मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी होईपर्यंत जॉइनिंग पुढे ढकलावे, एवढेच चार ओळींत लिहा. लांबलचक सफाई देण्याची गरज नाही. ज्यांनी तुमचे प्रमाणपत्र दिले त्या, किंवा नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि रक्ताचे अहवाल, औषधांची चिठ्ठी व तज्ज्ञांचे पत्र घेऊन जा. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची स्थिती सांगते, म्हणून पाच आठवड्यांत तिच्यात पुरेशी सुधारणा दिसेल असे धरून चालू नका. घरी एक साखर मोजण्याचे यंत्र घ्या आणि उपाशीपोटी, जेवणानंतर आणि बागेत काम केल्यानंतर आलेले आकडे तारखेसह वहीत लिहा. नियंत्रण आहे असे नुसते तोंडी सांगण्यापेक्षा ती वही डॉक्टरांसमोर ठेवलेली केव्हाही बरी. रोगाचे नाव प्रमाणपत्रावर छापले जात नाही, त्यावर केवळ पात्रता आणि मर्यादा असतात, त्यामुळे सगळ्या जहाजाला कळेल ही भीतीही मनातून काढा.

पैशाची अडचण खरी आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. तुम्ही सध्या करारावर नाही, त्यामुळे या दोन-तीन महिन्यांचा पगार तुम्हाला कोणी देणार नाही. हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेच्या व्यवस्थापकांना भेटून मुदत वाढवून मागा. हप्ता थकल्यानंतर हेच बोलणे फार कठीण जाते. तुम्ही खलाशांच्या संघटनेचे सभासद असाल, तर आजारपणात काही मदत मिळते का, हे तिच्या कार्यालयात लेखी विचारा.

हे सदर वाचणारे इतरही दर्यावर्दी असतील, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. कळवण्याजोगा बदल म्हणजे केवळ मधुमेह नव्हे. शुद्ध हरपणे, आकडी, छातीत दुखणे, हर्नियाची किंवा इतर शस्त्रक्रिया, क्षयाचे उपचार, रक्त पातळ करण्याची किंवा झोपेची गोळी, ऐकू कमी येणे, मन उदास राहून झोप उडणे, हे सारे त्यात येते. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात अनेकांना होणारा मुतखडाही त्यात येतो, कारण त्याची कळ भर समुद्रात उठली तर माणूस उभा राहू शकत नाही. करार चालू असताना असे काही उद्भवले तर ते कॅप्टनला सांगावे. बंदरात शक्य असेल तेव्हा विनाविलंब डॉक्टरांना दाखवण्याचा हक्क खलाशाला आहे आणि त्याचा खर्च त्याच्या पगारातून कापायचा नसतो.

भाऊ, पुढे तुम्ही पात्र ठरून जहाजावर जाल तेव्हा गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसह आणि पूर्ण कराराला पुरून थोड्या उरतील इतक्या न्या. पहिल्याच दिवशी चिठ्ठीची एक प्रत औषधपेटी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. तुमच्या वॉचवरच्या जोडीदाराला, थरथर आणि घाम दिसला तर काय पाजायचे, ते सांगून ठेवा. बॉयलर सूटच्या वरच्या खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या, कारण खालच्या खिशात पाना आणि चिंध्या असतात आणि हात थरथरत असताना त्यांतून ती सापडत नाही. डॉक्टरांचे काय ठरले ते मला अवश्य कळवा, आणि हे पत्र दादांनाही वाचायला द्या.